आजी, हा नाच तुला येतो का?



पंचमीला, गौरीला आपण फेर धरतो, झिम्मा घालतो, फुगडी घालतो. हे तुला कुणी शिकवलं, असं कुणी विचारलं तर एक नाव सांगता येत नाही. आईचं बघितलं, थोरल्या बहिणीचा हात धरला आणि पाय आपोआप पडायला लागले. आता असं समजा, की आईच गाव सोडून समुद्रापलीकडे कामाला गेली. तिथं ना अंगण, ना फेर धरायला चार बाया. लेक तिथंच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली. त्या लेकीच्या पायात फुगडी कुठून येणार?

आज मी अशाच लेकी-लेकांची हकिकत सांगणार आहे. ही मुलं आपल्याकडची नव्हेत. त्यांचे आईबाप किंवा आजी-आजोबा फिलिपिन्स देशातून अमेरिकेत गेले आणि ही मुलं तिथं वाढली. कॉलेजात गेल्यावर त्यांनी एकत्र येऊन आजीच्या देशाचे नाच शिकायला घेतले. जवळजवळ पन्नास वर्षं हे चाललंय. त्यातून मुलांना काय मिळालं आणि त्यात गडबड कुठं झाली, दोन्ही सांगते.

फिलिपिन्स म्हणजे आपल्या पूर्वेकडचा, समुद्रात पसरलेला सात हजारांवर बेटांचा देश. भात, नारळ, ऊस आणि मासळी. कोकणातल्या बाईला तिथं फारसं परकं वाटणार नाही. एका बेटावरची भाषा दुसऱ्या बेटावर कळेलच असं नाही, इतक्या भाषा. गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं तसं तिथं तीनशेहून जास्त वर्षं स्पेनचं होतं. १८९८ मध्ये स्पेन गेलं आणि अमेरिका येऊन बसली. अमेरिकेने शाळा काढल्या, त्या इंग्रजीत. देश स्वतंत्र झाला तो ४ जुलै १९४६ ला. इंग्रजी शाळांची ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिथली माणसं अमेरिकेकडे गेली ती उसासाठी. १९०६ सालच्या डिसेंबरात पहिले १५ जण हवाई बेटांवरच्या उसाच्या मळ्यांत कामाला पोचले. अशा मजुरांना तिकडे ‘साकाडा’ म्हणतात. त्यांच्यामागून हजारो गेले. बहुतेक तरुण पुरुष, एकटे. आपल्याकडे ऊसतोडीला निदान नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. इथं बायको मागं गावातच. पुढं हे लोक कॅलिफोर्नियातल्या भाजीपाल्याच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांत गेले. मळ्यात त्यांचे हात हवे होते, पण गावात माणूस नको होता. त्या काळात स्टॉक्टन शहरातल्या एका हॉटेलच्या दारावर ‘फिलिपिनो लोकांना सक्त मनाई’ अशी पाटी होती. तिचा फोटो आजही पुस्तकांत छापतात.

नाचाची गोष्ट सांगतेय म्हणून एक प्रसंग सांगायलाच हवा. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनविल नावाच्या गावाजवळ दंगल झाली. निमित्त काय, तर फिलिपिनो मजूर सुट्टीच्या दिवशी पैसे भरून नाचघरात जात आणि गोऱ्या मुलींबरोबर नाचत. गोऱ्यांचा जमाव काही दिवस त्यांना हुडकून मारत फिरला. फर्मिन तोबेरा नावाचा २२ वर्षांचा मजूर गोळी लागून मेला. म्हणजे या लोकांनी नाचणं हाच तिथं एके काळी गुन्हा ठरला होता.

१९३४ च्या कायद्याने तर वर्षाला फक्त ५० फिलिपिनो लोकांना अमेरिकेत यायची मुभा ठेवली. १९६५ साली अमेरिकेने कायदा बदलला, तेव्हा पुन्हा दार उघडलं. या वेळी मोठ्या संख्येने आल्या त्या नर्सबाया. फिलिपिन्समधलं नर्सिंगचं शिक्षण अमेरिकेच्या धर्तीवर आणि इंग्रजीतून होतं, त्यामुळे अमेरिकेतल्या दवाखान्यांना त्या लगेच चालल्या. आज अमेरिकेत फिलिपिनो मुळाची माणसं चाळीस लाखांहून जास्त आहेत.

आता त्या नर्सच्या घरात जाऊ. आई रात्रपाळी करून सकाळी येते. मूल शाळेत जायच्या घाईत. आईला इंग्रजी चांगलं येतं, कारण तिची शाळाच इंग्रजी. मग मुलाशी बोलायचं कशात? शाळेत मूल मागं पडू नये, कुणी हसू नये, म्हणून बऱ्याच घरांत इंग्रजीच बोललं गेलं. आईची इलोकानो किंवा बिसाया किंवा तागालोग राहिली ती गावाकडच्या फोनपुरती आणि नवरा-बायकोच्या भांडणापुरती. मुलाला शब्द कानावर पडले, समजले थोडे, बोलता मात्र आलं नाही. यात आईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पाटी बघितलेल्या लोकांचं शहाणपण आहे ते. पण मूल मोठं होतं, वर्गात कुणी तरी विचारतं, ‘तू मूळची कुठली?’ आणि त्याला देशाच्या नावापलीकडे काही सांगता येत नाही. घरी आईला विचारावं, तर काय विचारायचं हेच ठाऊक नाही.

कॉलेजात हे पोरगं येतं तेव्हा पहिल्यांदा आपल्यासारखी दोनशे मुलं एकत्र बघतं.

कॉलेजांत या मुलांची मंडळं झाली ती लढून. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात मुलांनी संप केला. काळी मुलं, मेक्सिकन, चिनी, जपानी, फिलिपिनो, सगळी त्यात होती. मागणी अशी, की आमच्या लोकांचा इतिहास इथं शिकवला गेला पाहिजे. पाच महिन्यांच्या आसपास संप चालला आणि त्यातून तो विषय शिकवणारा वेगळा विभाग निघाला. त्या काळात आणि त्यानंतर कॅलिफोर्नियाच्या कॉलेजा-कॉलेजांत फिलिपिनो मुलांची मंडळं उभी राहिली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातलं ‘सामाहांग पिलिपिनो’ १९७२ चं. ‘पिलिपिनो’ असं ‘प’ने लिहितात, कारण तिथल्या बहुतेक जुन्या भाषांत ‘फ’चा उच्चार नाही. ‘फ’ स्पेन आणि अमेरिकेबरोबर आला, आम्ही आमच्या आजीसारखं म्हणणार, असा त्यातला ताठा.

ही मंडळं सत्तरच्या दशकापासून वर्षातून एक मोठा कार्यक्रम करू लागली. त्याला म्हणतात ‘पिलिपिनो कल्चर नाइट’, मुलांच्या तोंडी ‘पीसीएन’. आपल्या गॅदरिंगचा मोठा भाऊ म्हणा. तीन-चार तास चालतो. मधून एक नाटक असतं, त्याला धरून नाच आणि गाणी. नाटक मुलंच लिहितात, आणि बहुतेक वेळा गोष्ट एकच असते: आपल्या मुळाची लाज वाटणारा एक मुलगा, त्याला काही तरी धक्का बसतो आणि शेवटी तो आजीचा नाच नाचतो. दरवर्षी नवं नाटक आणि दरवर्षी तीच गोष्ट. हसू येतं, पण ती गोष्ट रंगमंचावरच्या अर्ध्या मुलांची स्वतःची असते, हेही खरं.

सगळं मुलंच करतात. मास्तर नसतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतात. अभ्यास आणि नोकरी सांभाळून सराव रात्रीचाच, कधी पार्किंगच्या मोकळ्या जागेत. कार्यक्रम एप्रिल-मे महिन्यात, तयारी मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरपासून. खाण्याचे पदार्थ विकून पैसे उभे करायचे, कपडे शिवायचे, हॉल मिळवायचा. यातल्या बहुतेकांनी आधी कधी नाच केलेला नसतो.

आता त्यातला सगळ्यात नावाजलेला नाच सांगते, तिनिकलिंग. हा लेयते बेटावरचा. तिकलिंग नावाचा लांब पायांचा पक्षी आहे, आपल्या पाणकोंबडीच्या जातीतला. भाताच्या खाचरात तो गवताच्या काड्यांतून आणि शेतकऱ्याने लावलेल्या बांबूच्या फासांतून पाय उचलत, चुकवत पळतो. त्या चालीवरून हा नाच. जमिनीवर दोन लाकडी ओंडके आडवे ठेवतात, त्यांच्यावर दोन लांब बांबू. दोन्ही टोकांना एकेक जण खाली बसून बांबूची टोकं धरतो आणि आपटतो. नाचणारे आत-बाहेर उड्या घेतात.

रेडिओ ऐकता ऐकता टाळी वाजवून बघा. ताल तीनाचा आहे. एकला बांबू एकमेकांवर आपटतात. दोन आणि तीनला ते फाकवून खालच्या ओंडक्यांवर आपटतात. म्हणजे एकला आतली वाट बंद, दोन-तीनला उघडी. एक, दोन-तीन. एक, दोन-तीन. नाचणाऱ्याचा पाय एकला बाहेर पाहिजे, दोनला पहिला पाय आत, तीनला दुसरा पाय आत, आणि पुन्हा एकला पलीकडच्या बाजूला बाहेर. सुरुवात सावकाश होते. मग वेग वाढत जातो, आणि शेवटी बांबूचा नुसता खडखडाट. चुकलं तर घोट्यावर सणसणीत बसतो. मिझोराममध्ये आपल्या देशातल्या बायकाही ‘चेराव’ नावाचा बांबूचा नाच करतात, काहींनी तो टीव्हीवर २६ जानेवारीला पाहिला असेल. त्यावरून कल्पना येईल.

या नाचात माझं लक्ष नेहमी खाली बसलेल्यांकडे जातं. टाळ्या नाचणाऱ्यांना मिळतात, पण ताल बसलेल्यांच्या हातात. त्यांचा हात चुकला तर दुसऱ्याचा पाय जातो. महिनोन्‌महिने रात्री एकमेकांच्या भरवशावर पाय टाकायचा, मग ती मुलं एकमेकांची होणार नाहीत तर काय होईल? एकट्या वाढलेल्या मुलाला आधी गाववाले मिळतात आणि मग गाव मिळतं. फिलिपिन्सच्या भाषेत गाववाल्याला ‘कबाबायान’ म्हणतात. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन विद्यापीठात या मुलांच्या मंडळाचं नावच ते आहे.

दुसरेही नाच आहेत. ‘पांदांग्गो सा इलाव’ म्हणजे दिव्यांचा नाच. एक दिवा डोक्यावर आणि एकेक दोन्ही हातांच्या पंज्यांच्या पाठीवर, असे तीन दिवे सांभाळत बाई नाचते. गोव्यात डोक्यावर समई घेऊन नाचतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना मान किती ताठ लागते ते माहीत असेल. डोंगराळ कालिंगा भागातल्या बायकांचा मडक्यांचा नाच आहे, पाणी आणायला निघालेल्या बायकांचा, डोक्यावर मडक्यावर मडकं. काही नाचांतले कपडे अननसाच्या पानांच्या धाग्यांपासून विणलेल्या कापडाचे असतात, चहाच्या गाळणीच्या फडक्यासारखं झिरझिरीत.

हे नाच या कॉलेजच्या मुलांपर्यंत पोचले कसे? त्यांच्या आयांकडून नाही, हे लक्षात घ्या. लेयतेचा नाच इलोकानो आईला कुठून यायचा! ते पोचले एका बाईमुळे.

तिचं नाव फ्रान्सिस्का रेयेस, लग्नानंतरचं आडनाव आकिनो. जन्म १८९९ चा, मनिलाजवळच्या बुलाकान प्रांतातला. मनिलाच्या विद्यापीठात ती खेळ आणि कवायत शिकवायची. शाळांतून तेव्हा परदेशी नाच शिकवत, आपले नाच म्हणजे गावंढळ. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात ही तरुण बाई वही घेऊन खेड्यापाड्यांत जायला लागली. म्हाताऱ्या बायाबाप्यांना विचारायचं, तुमच्या वेळी कसं नाचायचात? करून दाखवा. पाऊल कसं, हात कुठं, गाणं कोणतं, कपडा कोणता, सगळं टिपायचं. १९२६ मध्ये तिने यावर पदवीचा प्रबंध लिहिला. पुढं विद्यापीठातल्या मुलामुलींचं पथक घेऊन गेली आणि आणखी नाच गोळा केले. तिची नाचांची पुस्तकं निघाली, एकूण सहा भाग, आणि त्यांत प्रत्येक नाच पावलागणिक मोजून लिहिला, कुठल्याही शाळेतल्या बाईंना वाचून शिकवता यावा असा. अशानेच लेयतेच्या खाचरातला तिनिकलिंग साऱ्या देशाचा झाला. १९७३ मध्ये सरकारने तिला नृत्यासाठी ‘राष्ट्रीय कलावंत’ हा मान दिला. १९८३ मध्ये ती गेली.

दुसरा दुवा बायकांच्याच विद्यापीठाचा. मनिलात १९१९ साली बायकांनी मुलींसाठी एक कॉलेज काढलं, त्याचं पुढं फिलिपाइन विमेन्स युनिव्हर्सिटी झालं. आपल्या अण्णासाहेब कर्व्यांचं महिला विद्यापीठ त्याआधी तीन वर्षं, १९१६ चं. मनिलाच्या विद्यापीठात १९५७ मध्ये हेलेना बेनितेझ यांनी विद्यार्थ्यांचं नाचाचं पथक उभं केलं, ‘बायानिहान’. हा शब्द फार गोड आहे. शेजाऱ्याला घर हलवायचं असेल तर सगळा गाव येऊन बांबूवर घर उचलून नेतो, त्याला बायानिहान म्हणतात. आपण इर्जिक म्हणतो, सावड म्हणतो, त्यातलंच. हे पथक १९५८ मध्ये ब्रुसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात नाचलं, पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये. सगळं जग खूश. अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमाचा साचा या पथकाचाच आहे: डोंगरी लोकांचे नाच एका भागात, स्पॅनिश वळणाचे दुसऱ्यात, मुसलमानांचे तिसऱ्यात, खेड्यातले चौथ्यात.

गडबड इथेच आहे.

बायानिहान पथकाला दोन तासांत परक्या लोकांना खिळवून ठेवायचं होतं. लुक्रेसिया रेयेस उर्तुला या त्यांच्या नृत्य बसवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी नाच आखूड केले, वेग वाढवला, ओळी बदलल्या. त्यात चूक काही नाही, रंगमंचाला ते लागतंच. पण ‘सिंगकिल’ नावाचा नाच घ्या. मिंदानाओ बेटावर लानाओ तळ्याकाठी मरानाओ नावाचे मुसलमान लोक राहतात. त्यांचं ‘दारांगेन’ नावाचं फार जुनं महाकाव्य आहे, तोंडी चालत आलेलं, युनेस्कोनेही त्याला वारशाच्या यादीत घेतलंय. त्या काव्याशी जोडलेला हा नाच. मरानाओ परंपरेत तो बायकांचा, तोही मोठ्या घरच्या, संथ आणि डौलदार. रंगमंचावर त्यात तलवार घेतलेला राजपुत्र आला, मागं छत्री धरून चालणारी दासी आली, एकमेकांना छेद देणारे बांबू दणादण आपटायला लागले. दिसतं फार भारी. कॅलिफोर्नियात मुली सिंगकिलची राजकन्या व्हायला धडपडतात.

आणि मग प्रेक्षकांतली एखादी मरानाओ बाई म्हणते, हे आम्ही नाही. आम्ही असे नाचत नाही, आणि ‘मुसलमानांचे नाच’ म्हणून तुम्ही तीन-चार वेगवेगळ्या लोकांची मोट बांधलीत. बार्बरा गार्लन या अभ्यासक बाईंनी १९९९ मध्ये यावरच लेख लिहिला. ज्या लोकांना फिलिपिन्समध्येच बाजूला ढकललं गेलंय, त्यांना सुलतान आणि दासींच्या चित्रात बसवून आपण नटवतोय, असा त्यांचा रोख होता. डोंगरी लोकांच्या नाचाचंही तेच.

आपल्याला हे दूरचं वाटायला नको. शाळेच्या गॅदरिंगला कोळीनाच बसवतात तेव्हा त्यात कोळ्याचं पोर किती असतं? आदिवासी नाच म्हणून पानाफुलांचे कपडे घातलेली मुलं नाचतात, आणि समोर बसलेल्या वारली किंवा कोरकू आईला कळत नाही की हे कुणाचं चाललंय. मीही अशा कार्यक्रमांत टाळ्या वाजवल्या आहेत.

आणखीही टीका आहे. थिओडोर गोन्झाल्वेस यांनी या कार्यक्रमांवर आख्खं पुस्तक लिहिलंय. हा कार्यक्रम ठरीव साच्याचा झालाय, असं ते दाखवतात. रात्र रात्र सराव करून मुलांचे मार्क घसरतात, ही तक्रारही जुनी आहे. आईबापांच्या कष्टाच्या फीवर शिकणाऱ्या मुलाने नापास व्हायचं आणि म्हणायचं संस्कृती जपतोय, हे कुणाला पटेल?

मग या नाचातून मुलं आपल्या मुळांशी जोडली जातात, हे म्हणणं खोटं का? मला तसं वाटत नाही. फक्त जोड वेगळ्या जागी पडते, रंगमंचावर नाही.

एक मुलगी डोळ्यांपुढे आणा. ऑक्टोबरात ती मंडळात आली. नोव्हेंबरात घरी गेली तेव्हा आजीला म्हणाली, ‘लोला, तिनिकलिंग तुला येतो का?’ लोला म्हणजे आजी. आजी म्हणाली, नाही गं, तो आमचा नव्हे, शाळेत एकदा केला होता. मग तुमचा कोणता? आमच्या गावात लग्नात असं असं नाचायचे. कुठलं गाव? कोणती भाषा? आजोबा मळ्यात कामाला होते ते कधी? आणि त्या हॉटेलवर पाटी होती तेव्हा? वीस वर्षं जे प्रश्न कुणी विचारले नव्हते ते एका नाचाच्या निमित्ताने बाहेर आले. आजीला वाटत होतं नातीला त्यात काय गोडी. नातीला वाटत होतं आजीला सांगायचं नसेल. चुकीचा नाच घेऊन गेली तरी प्रश्न बरोबर पोचला.

फ्रान्सिस्काबाईंनी विसाच्या दशकात हेच केलं होतं, वही घेऊन म्हाताऱ्यांपुढे बसणं. पुस्तकातून नाच घेतला की ते विचारणं गळून जातं आणि नुसती पावलं उरतात. ज्या मुलांनी विचारायचं सोडलं नाही, ती पुढं गेली.

त्यांतलीच काही पोचली दानोंगान कालांदुयान यांच्याकडे. हे मिंदानाओच्या मागिंदानाओ लोकांतले, कुलिंतांग वाजवणारे. कुलिंतांग म्हणजे लाकडी घोडीवर ओळीने मांडलेल्या पितळी घंटा, काठ्यांनी वाजवायच्या. ते १९७६ मध्ये अमेरिकेत आले, आधी सिएटलच्या विद्यापीठात आणि पुढं सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात शिकवत राहिले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने पारंपरिक कलाकारांसाठीचा सगळ्यात मोठा मान त्यांना दिला. २०१६ मध्ये ते वारले. त्यांच्या हाताखाली फिलिपिनो अमेरिकन मुलं वर्षानुवर्षं शिकली. रंगमंचावर ज्या नाचामागं टेप लावायचे, त्याचं वाजवणं मूळ माणसाकडून, त्याच्या पायाशी बसून शिकणं, हा फरक केवढा मोठा! बहुतेक फिलिपिनो ख्रिस्ती आहेत. त्यांची मुलं एका मुसलमान गुरूकडे गेली, हेही त्यात आलं.

काही मुलं उलट्या बाजूलाही गेली. १९९२ मध्ये अर्व्हाइनच्या कबाबायान मंडळात आर्नेल काल्वारिओ या विद्यार्थ्याने पीसीएनसाठी आजकालच्या हिपहॉप नाचाचा गट काढला, ‘काबा मॉडर्न’. २००८ मध्ये तो गट अमेरिकेच्या टीव्हीवरच्या नाचाच्या मोठ्या स्पर्धेत उतरला. आजीच्या नाचाच्या कार्यक्रमातून निघून थेट टीव्हीवर. जाणत्या लोकांनी नाकं मुरडली असतील, पण ती मुलं जन्मली अमेरिकेतच, त्यांच्या पायात तेही आहे.

आपली मुलंही तिथं आहेत. अमेरिकेतल्या कॉलेजांत भारतीय मुळाच्या मुलांचे भांगड्याचे आणि रास-गरब्याचे संघ असतात, त्यांच्या स्पर्धा लागतात, आणि भांगडा करणाऱ्यांत मराठी, तमिळ, कोणीही असतं. मराठी मुलं लेझीम आणि ढोल-ताशा शिकतात ते बहुतेक महाराष्ट्र मंडळात, गणपतीच्या दिवसांत. तिकडून तुमच्या एखाद्या भाचीचा, नातीचा फोन आला आणि तिने विचारलं, मावशी, मंगळागौरीचा अमका खेळ कसा खेळायचा, तर ‘यूट्यूबवर बघ’ म्हणू नका. तुमच्या गावात कसा खेळतात ते सांगा. शेजारच्या गावात वेगळा असेल तर तेही सांगा. गाणं आठवत नसेल तर आठवेल तेवढं.

वेळ संपत आली. काही जणींनी टाळ्या वाजवत ऐकलं असेल, त्यांना आता बांबू घेऊन बघावंसं वाटेल. लगेच बांबू घेऊ नका. आधी अंगणात खडूने किंवा रांगोळीने दोन रेघा ओढा, वीतभर अंतरावर नव्हे, चांगल्या दीड हाताच्या अंतरावर. त्या रेघांवर पावलं बसवा: बाहेर, आत, आत. बाहेर, आत, आत. तोंडाने मोजत राहा. ते जमलं की बांबू आणा, आणि बांबू धरायला गटातली सगळ्यात शांत बाई बसवा. चप्पल काढून नाचायचं, साडी घोट्याच्या वर खोचायची. पहिल्या दिवशी वेग वाढवायचा नाही.